दारात थांबणारे नंबरभाऊ

नंबरभाऊ देवळात सगळ्यांच्या आधी यायचे आणि सगळ्यांच्या शेवटी आत शिरायचे. मधला अर्धा तास ते दारात उभे असायचे. खाकी पँट, पांढरा शर्ट, काखेत गीतांचं पुस्तक आणि हातात लाकडी आकड्यांचा डबा. देऊळ म्हणजे जुन्नरचं आमचं चर्च. आम्ही ख्रिस्ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याला देऊळच म्हणतो. आत व्यासपीठाच्या उजव्या हाताला एक काळा फळा होता, त्याला पाच खाचा. रविवारी जी पाच गीतं म्हणायची, त्यांचे पुस्तकातले क्रमांक त्या खाचांत बसवायचे आणि चाल धरून द्यायची, हे त्यांचं काम. खरं नाव काही वेगळंच होतं, पण ते पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, वहीतच राहिलं.

हे आकडे शनिवारी संध्याकाळी बसवून ठेवायला त्यांना कुणी मनाई केली नव्हती. पण शेवटची घंटा होईपर्यंत फळा कोरा. येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत हे सलाम करणार, आणि घंटा झाली की लगबगीनं पुढे जाऊन खट् खट् आकडे बसवणार. मी तेव्हा नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं वेळापत्रकावर जगलेली बाई मी. मला वाटायचं, या माणसाचा गृहपाठच झालेला नसतो.

एकदा विचारलंच. म्हणाले, "बाई, मी स्टँडवर कंट्रोलर व्हतो. आधी फलाटावर पॅसेंजर कोन हाय ते बघायचं, मग गाडी लावायची. आधीच गाडी लावून ठिवली तर ती कुनाला घ्यून जानार?"

मला ते उत्तर अडाणी वाटलं. मी हसले आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला वहीत लिहायची फार सवय होती.

त्यांचं बघणं कसं चालायचं, ते एकदा माझ्यावरच शेकलं. त्या रविवारी मी आणि आमचे हे घरातून भांडून निघालो होतो. देवळात आम्ही बाकाच्या दोन टोकांना बसलो. फळ्यावर पहिलाच क्रमांक असा, की ते गीत सात कडव्यांचं, संथ चालीचं, संपता संपेना. उपासना झाल्यावर दारात नंबरभाऊ माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, तुमी सायबांशी भांडून आलेल्या. म्हनून लांबडं लावलं. चौथ्या कडव्याला तुमी सरकल्या, म्या बघितलं." मी सरकले होते हे खरं. पण ऊन येत होतं म्हणून, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. त्या बाकावर ऊन कधीच येत नाही.

कांदा काढणीच्या दिवसांत आळ्याकडची मंडळी आली, की पाचाची तीन गीतं व्हायची. रात्रपाळी करून आलेली नर्स दिसली, की बसून म्हणायची गीतं लागायची. हे सगळं आम्हाला दिसत होतं, पण ती एक पद्धत आहे हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती. माझा मुलगा विनय आळेफाट्याला राहतो, त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तो, सून शलाका आणि चार वर्षांचा नातू रविवारी जुन्नरला यायचे बंद झाले होते. आळेफाट्याला एका हॉलमध्ये नवी मंडळी भरायला लागली होती. तिथं ड्रम, कीबोर्ड, पडद्यावर गाणी. शलाका म्हणाली, "आई, रागावू नका, पण तुमच्याकडे पोरगं दहा मिनिटांत झोपतं. तिथं ते नाचतं." मला माझं माणूस रविवारी माझ्या बाकावर हवं होतं. दुसरं काही नको होतं. पण एवढं सरळ बोलले असते तर मी कसली निवृत्त मुख्याध्यापिका.

म्हणून मी समिती काढली. नाव ठेवलं, 'तरुण कुटुंबांसाठी गीतनिवड समिती'. अध्यक्ष मी. वय अठ्ठावन्न, म्हणजे तशी अल्लडच. केस काळे करून घेतले आणि आळेफाट्याच्या त्या हॉलमध्ये हेरगिरीला गेले. स्पीकरच्या शेजारी बसले. ड्रम सुरू झाला तशी माझी नवी कवळी तालात वाजायला लागली. तरी मी वहीत टिपून घेत होते: टाळ्या, उभे राहणे, लहान मुलांना पुढे बोलावणे. एका गाण्यात तर ध्रुवपदाला सगळे आईबाप आपापलं लेकरू डोक्यावर उचलून धरायचे. त्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या.

परत येऊन मी मंडळीला एक प्रश्नावली वाटली. 'आपणांस उपासनेत कोणते संगीत आवडते? अ) जुने ब) नवे क) सांगता येत नाही.' बहुतेकांनी 'क'वर खूण केली. नंबरभाऊंनी तिन्ही पर्याय सोडून खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'कोण आलंय त्याच्यावर.' त्यांचा कागद मी बाद ठरवला.

दोन महिन्यांत कीबोर्ड आला, पडदा आला. गुरुवारी संध्याकाळी समितीनं गाणी ठरवायची, ती लॅपटॉपात ओळीनं लावून ठेवायची आणि रविवारी मी बटण दाबायचं, असं ठरलं. फळा पडद्याच्या आड येत होता, म्हणून काढून सामानाच्या खोलीत ठेवला. नंबरभाऊंना हे सांगायला मी स्वतः गेले, अगदी मोठ्या मनानं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मंग मी दारात हुभा राहू का नको?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "उभे राहा की भाऊ, स्वागताला माणूस लागतोच." ते उभे राहत. घंटा झाली की मागच्या बाकावर जाऊन बसत.

आणि सांगायला हवं, माझं जमलं. तरुण मंडळी आली. कीबोर्डवरच्या दोन मुली मन लावून शिकल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी 'कुटुंब रविवार' ठेवला, त्या दिवशी बाकं पुरेनात. विनय, शलाका, नातू माझ्या बाकावर येऊन बसायला लागले. मी बटण दाबायचे आणि मागे वळून बघायचे, कोण कोण नाचतंय ते. शलाकाला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. माझ्या अंगात वारं शिरलेलं होतं.

सातव्या महिन्यात ते बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. ऑपरेशन करावं लागलं. विनय आणि पाळकसाहेबांनी तिला कळंबला, शलाकाच्या माहेरच्या मळ्याशेजारच्या कबरस्तानात नेलं. शलाका दवाखान्यातच होती. मी तिच्याजवळ होते. तिनं विचारलं, "कुठलं गीत म्हटलं?" मला माहीत नव्हतं. नंतर कळलं, कुठलंच नाही. कुणाला सुचलं नाही.

दीड महिन्यानं ती पहिल्यांदा देवळात आली. येऊ का नको, असं तिचं चाललं होतं. मीच आग्रह केला. म्हटलं, माणसांत बरं वाटेल. तो महिन्याचा पहिला रविवार होता. गाणी गुरुवारी ठरलेली होती. मी माझ्या जागेवर बसले आणि एकामागून एक बटण दाबत गेले. तिसऱ्या बटणाला ते गाणं आलं. सगळीकडे लेकरं वर गेली. शलाका दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. नातू तिचा पदर ओढत म्हणत होता, "उचल ना मम्मी, मला पण उचल ना." तिला वजन उचलायला डॉक्टरांनी बंदी केली होती. मग विनयनं त्याला उचललं. गाण्यात ध्रुवपद चार वेळा येतं. मी ते थांबवलं नाही. थांबवता येतं, हेच मला सुचलं नाही. यादीत पुढे आणखी दोन गाणी होती, तीही मी लावली.

मागच्या बाकावरून नंबरभाऊ तिसऱ्या गाण्यातच उठून बाहेर गेल्याचं कुणीतरी नंतर सांगितलं.

पुढच्या रविवारपासून ती तिघं पुन्हा आळेफाट्याच्या हॉलमध्ये जायला लागली. मी तिच्या मदतीला त्यांच्याकडे राहिले होते. घरात कुणी कुणाशी वाकडं बोलत नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, कपडे वाळत घालायचे, दिवस जायचा. रडायलाही कुणी मोकळं नव्हतं.

एका सोमवारी दुपारी दारात नंबरभाऊ. जुन्नरहून एस.टी.नं आलेले, काखेत गीतांचं पुस्तक. शलाका लसूण सोलत होती, ती उठायला लागली. "बस गं माय," म्हणाले आणि खुर्चीत बसले. पाणी प्यायले. पुस्तक मांडीवर ठेवलं, उघडलं नाही. दहा मिनिटं गेली. मला शांतता सोसत नाही. मी म्हटलं, "भाऊ, एखादं गीत म्हणू या का?"

"आज नंबर न्हाई, बाई. गाडी रिकामी हुभी ऱ्हाऊ द्या जरा."

तासाभरानं उठले, सलाम केला, गेले. पुढच्या सोमवारी आले. त्याच्या पुढच्याही. तोच शर्ट, तेच पुस्तक, तेच बसणं. शलाका कधी मेथी निवडायची, कधी नुसती भिंतीकडे बघत राहायची. तिसऱ्या सोमवारी मी स्वयंपाकघरात जाऊन बसले, कारण माझ्या तोंडाला कुलूप लागत नव्हतं. सहाव्या सोमवारी आतूनच ऐकलं. शलाका म्हणाली, "भाऊ, बाळाला निजवायचं ते नाताळातलं गीत आहे ना, ते म्हणाल का? तिच्यासाठी कुणी काही म्हटलंच नाही."

बाहेर वैशाखाचं ऊन, फाट्यावर ट्रकांचे हॉर्न. नंबरभाऊंनी नाताळचं अंगाईगीत धरलं. आवाज चिरका, वरचा सूर लागत नव्हता. चारही कडवी म्हटली. शलाका रडली, तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी ओट्याशी उभी राहून कणीक मळत होते. गरजेपेक्षा दुप्पट कणीक मळली गेली, त्या दिवशी शेजारी पोळ्या वाटाव्या लागल्या.

मी नंतर त्यांना म्हटलं, "भाऊ, माझं चुकलं. फळा परत लावते." त्यांनी मान हलवली. "न्हाई बाई. त्या पोरी कीबोर्ड लई जीव लावून शिकल्यात. त्यास्नी आता उठवू नका. गानं बी चांगलंच हाय. त्या दिवशी लागाया नको व्हतं, येवढंच." मग म्हणाले, "आन तुमी बटनाकडं बघत व्हत्या."

त्यानंतर दहा-बारा वर्षं गेली. शलाकाला पुढे एक मुलगी झाली. ते चौघं हॉलमध्येच जातात, तिथंच रमले. आमच्याकडची तरुण कुटुंबं हळूहळू चाकणला, पुण्याला पांगली. कीबोर्डवरच्या मुली लग्न होऊन गेल्या. नंबरभाऊ दारात उभे राहत होते, पुढे पुढे खुर्ची घेऊन बसत होते. येणारी माणसं वीस-बावीस.

गेल्या वर्षी त्यांचं आजारपण सुरू झालं. आमच्यात पुष्कळ म्हातारी माणसं आपल्या दफनाची गीतं आधीच लिहून ठेवतात, म्हणजे घरच्यांची धावपळ होत नाही. मी वही घेऊन गेले. म्हटलं, "भाऊ, तुमची पाच सांगून ठेवा." ते खाटेवर पडल्या पडल्या हसले.

"मला काय ठावं, तवा कोन येनार ते. आन मी तर नसनार. जे येतील त्यांचं तुमी बघा."

ते गेले तेव्हा माघ होता. काम माझ्यावर आलं. मी कबरस्तानाच्या फाटकाशी पुस्तक घेऊन उभी राहिले आणि येणाऱ्या तोंडांकडे बघायला लागले. वयाच्या सत्तरीत पहिल्यांदाच. स्टँडवरचे जुने ड्रायव्हर-कंडक्टर आले, ती नर्स आली, आळ्याची मंडळी आली. सगळे मला सलाम करत होते. मला त्यांच्या तोंडावर काही वाचता येत नव्हतं. खरं म्हणजे मला काही वाटतच नव्हतं. बोटं पानं उलटत होती, तेवढंच.

शलाका दोन्ही मुलांना घेऊन आली, मागे विनय. मी विचारलं, "कुठलं घेऊ गं?"

"तुम्हाला कुठलं हवंय, आई?"

"मला काही होत नाहीये," मी म्हटलं. "दगड झालाय नुसता."

तिनं माझ्या हातातून पुस्तक घेतलं. माझ्याकडे बघितलं, माणसांकडे बघितलं, आणि पुस्तक न उघडता एक गीत धरलं. सोपं, दोनच कडव्यांचं, जे ड्रायव्हरांनाही येत होतं. सगळ्यांनी उचललं. मी ओठ हलवले, आवाज आला नाही. नातू आता माझ्याहून उंच झालाय, त्यानं माझा दंड धरला होता. दुसऱ्या बाजूला नात, तिच्या पलीकडे शलाका, मग विनय. खड्डा भरेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.

घरी येऊन मोरीत बसून चपलांची माती खरवडत होते, तेव्हा लक्षात आलं. आम्ही पाचही जण एका रांगेत उभे होतो, बाक तेवढा नव्हता.