मुळशीतला निम्मा भारा

प्रवासवर्णन लिहावे इतका प्रवास मी केलेला नाही आणि व्यायामावर बोलावे इतकी ताकदही माझ्या अंगात नाही. तरीही या दोन्हींविषयी लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

पाच महिन्यांपूर्वी आई न्हाणीघरात घसरून पडली. मला तिला उचलता आले नाही; शेजारच्या काकांना हाक मारावी लागली. त्याच आठवड्यात मी बावधनमधल्या एका जिममध्ये नाव घातले. शाळेत वह्या तपासायची सवय सुटत नाही, म्हणून इथेही वही केली. उचललेले वजन पेन्सिलीने लिहायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीला लाल शाईने दहापैकी गुण द्यायचे. पहिल्या आठवड्यात नऊ मिळाले होते. गेल्या महिन्यात मात्र ओळीने शून्ये. व्यायाम लागू पडणे थांबले, मी नापास होते आहे, अशी माझी खात्री पटली. जिम सोडायचे जवळजवळ ठरलेच होते.

हे ऐकून माझी मैत्रीण वैशाली म्हणाली, "आमच्याकडं भाताची झोडणी चाललीय. चल गावी. तिथं तुझं अंग हमखास दुखेल!"

शनिवारी चांदणी चौकातून आम्ही पौडची बस पकडली. जाणार असाल तर उजाडताच निघावे. उशीर केल्यास पिरंगुटपर्यंत वाहनांच्या रांगेतच निम्मी सकाळ जाते. पौडला भजी-पाव आणि चहा छान मिळतो. पुढची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा सोबत पुस्तक असू द्यावे. मी मात्र ते मिटूनच ठेवले. वळणावळणावर झाडांमागून मुळशी धरणाचे पाणी दिसत होते आणि कापलेल्या खाचरांना उन्हात वाळक्या गवताचा वास येत होता.

खळ्यावर वैशालीची आई, म्हणजे काकू, डोक्यावरून भाताच्या पेंढ्यांचे भारे आणत होत्या. मी जिमला जाते हे वैशालीने लगेच सांगून टाकले.

"तितं काय उचलता गं?"

"लोखंड, काकू."

"अन् नेऊन ठेवता कुटं?"

"परत तिथंच."

काकू इतक्या हसल्या की त्यांना डोक्यावरचा भारा हाताने सावरावा लागला. मग तो खाली टाकून त्याखालची कापडाची चुंबळ माझ्या डोक्यावर बसवत म्हणाल्या, "पैल्या दिशी निम्माच भारा. आमच्यात तसंच हाय. माझा ल्योक हिंजवडीवरनं सुट्टीला येतो, त्यालाबी निम्माच."

"त्याला तर पाव!" वैशाली म्हणाली.

मी मान डोलावली आणि काकूंची पाठ वळताच पूर्ण भारा उचलला. मला गुण हवे होते. दुपारपर्यंत भारे वाहिले, मग फळीवर पेंढ्या झोडल्या. रात्री कुळथाचे पिठले आणि तांदळाची भाकरी खाऊन समाधानाने झोपले.

रविवारी उठताना तोंडातून किंकाळी निघाली. मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. खाली बसता येईना, हात खांद्याच्या वर जाईना. वहीत दहापैकी दहा लिहिले. खळ्यावर मात्र माझा उपयोग शून्य. उडव्यात रचून ठेवलेल्या पेंढ्या मला आणता येईनात, झोडता येईनात.

"पुरा भारा घेतलास न्हवं काल?" काकूंनी ओळखले.

"हो. पण इतकं दुखतंय, म्हणजे काम चांगलं झालं असेल ना?"

"काम त्या राशीत बघ की! मांडीत काय बघतीस?"

"तुमचं दुखत नाही?"

"दर साली पैले दोन-तीन दिस लई दुखतं. मंग न्हाई. न्हाई दुखलं म्हून भारं काय कमी येत्यात व्हय?"

मी ओट्यावर बसून वही पुन्हा उघडली. लाल आकडे उतरत उतरत शून्यावर आले होते. त्यांच्या शेजारी, पेन्सिलीने लिहिलेले आणि मी कधीच सलग न वाचलेले वजन रिकाम्या दांड्यापासून चाळीस किलोपर्यंत चढले होते. अंग सरावले, म्हणून दुखणे थांबले होते. अनोळखी कामाने ते पुन्हा दुखले, त्यात ताकद वाढल्याचा पुरावा काहीच नव्हता. हे मी पुस्तकात वाचलेही होते. पण लाल शाईवर माझा विश्वास अधिक होता.

संध्याकाळी वैशालीच्या चुलत्यांनी त्यांच्या जीपने मला घरी सोडले आणि काकूंनी आईसाठी दिलेले आंबेमोहराचे तीस किलोंचे पोते खाली उतरवले. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. पोते उचलणे दूरच, मलाच कठडा धरून तीन मजले चढावे लागले. पोते दोन रात्री वॉचमनच्या खोलीत राहिले.

काल संध्याकाळी दुखणे ओसरले. मी खाली गेले, पोते छातीशी धरले आणि मध्ये एकदाच टेकवून वर आणले. दारात आई उभी होती.

"अगं, शेजारच्या काकांना हाक मारायचीस ना!"

"नको," मी म्हणाले.

आज सकाळी उठून अंग चाचपून पाहिले. कुठेही काही दुखत नाही. वहीतला लाल रकाना आखायचा बंद केला आहे. जिमची वेळ झाली, म्हणून इथेच थांबते.

पाठवले : बुधवार, २६ नोव्हेंबर २०२५, सकाळी ६ वाजून ४० मिनिटे.