हातांपुरते साहेब

साहेबांनी सरळ हाताने कधी कुणाला काही दिलं नाही. मीठ मागितलं तरी आधी रिकामे तळवे दाखवायचे, खांदे उडवायचे, आणि मग आमच्याच कोथिंबिरीच्या जुडीतून मिठाची पुडी काढून द्यायचे. न्यूझीलंडमध्ये अवोन्डेलला आमच्या शेजारच्या युनिटमध्ये ते एकटेच राहत. पासष्टीचे, उंच, इंग्रज. 'साहेब' हे नाव माझ्या आईचं. ती साताऱ्याहून सहा महिने आमच्याकडे राहायला आली होती. "गोरा आहे, रोज इस्त्रीचा शर्ट घालतो, म्हणजे साहेबच की," तिने ठरवून टाकलं. मी त्यांना अर्थ सांगितला तर खूश झाले. म्हणाले, "इंग्लंडात मला असं कुणी म्हटलं नव्हतं."

इंग्लंडात ते नाटक कंपन्यांबरोबर गावोगाव हिंडले होते. नाटक नसेल तेव्हा जादूचे प्रयोग. दोन्हीकडच्यांनी त्यांना अर्धंच आपलं मानलं. नट म्हणत, तो जादूगार. जादूगार म्हणत, तो नट. दोन हजारच्या सुमारास न्यूझीलंडमध्ये मोठमोठे सिनेमे होताहेत असं ऐकून ते इकडे आले. मिळालं काय, तर टीव्हीवरचे बटलर आणि प्रेतं. "या देशात मी सात वेळा मेलो, आणि एकदाही मरताना वाक्य मिळालं नाही," असं ते सांगत. आम्ही हसायचो. ते हसत नसत.

मी पुण्याची फार्मसिस्ट. इथे येऊन पुन्हा परीक्षा द्यायची होती, तोवर कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध-पाव विकत होते. तोंडी परीक्षेत एकदा नापास झाले होते. मागच्या अंगणात पुटपुटत तयारी करत होते, तेव्हा कुंपणापलीकडून साहेब म्हणाले, "वाक्याच्या शेवटी आवाज का पाडतेस? औषध सांगते आहेस की माफी मागते आहेस?" मग दीड महिना रोज दुपारी ते फिजोआच्या झाडाखाली बहिऱ्या म्हाताऱ्याचं सोंग घेऊन बसायचे, आणि मी अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या समजावून सांगायच्या. एक अक्षर गिळलं की कानाला हात लावत. मी पास झाले. पेढे नेऊन दिले तर म्हणाले, "मी फक्त तुझं बोलणं ऐकू येईल इतकं केलं. बोललीस तूच."

आणि मग त्यांना सिनेमा मिळाला. जत्रेतल्या म्हाताऱ्या जादूगाराचं काम, चार प्रसंग, भरपूर संवाद. शेवटी तो म्हातारा आपल्या पळून गेलेल्या शिष्याच्या, म्हणजे सिनेमाच्या तरुण नायकाच्या, मांडीवर मरतो. या वेळी मरताना वाक्य होतं! हातचलाखी खरी करायची, कॅमेऱ्याची मदत नको, असं साहेबांनी दिग्दर्शकाला सांगितलं आणि त्यानेही ते मानलं. चार महिने सराव चालला. शिष्याचे संवाद मी वाचायचे. नाणं त्यांच्या बोटांवरून पाण्यासारखं वाहत जायचं आणि करंगळीपाशी अंगठी होऊन थांबायचं. मी दोन हातांच्या अंतरावर बसून कित्येकदा पाहिलं, पण ते कधी बदललं हे मला कळलं नाही.

सिनेमा लागला तेव्हा शनिवारी दुपारी ते आम्हाला घेऊन गेले. काळा सूट, रुमाल, घोटून केलेली दाढी. लायब्ररीतल्या ओळखीच्या बाई आणि नेहमीचा खाटीकसुद्धा बोलावलेले. जत्रेचा देखावा आला तशी त्यांनी माझा दंड धरला. "आता," ते कुजबुजले. पडद्यावर त्यांचे हात आले. नाणं बोटांवरून वाहिलं, अंगठी झालं. मग कॅमेरा वर सरकला, आणि वर चेहरा होता त्या तरुण नायकाचा. म्हातारा जादूगार सिनेमात नव्हताच. सगळं थिएटर नायकासाठी 'वाह' म्हणालं.

दंडावरचा हात केव्हा सुटला ते कळलं नाही. शेवटी नावांची लांबलचक यादी सरकू लागली, लोक उठून निघाले, साहेब मात्र बसून राहिले. त्यांचं नाव आलं की नाही ते मला दिसलं नाही. माझी आठ वर्षांची सई मोठ्याने म्हणाली, "बट ही सेड ही वॉज इन इट, मम्मी!" मी तिला दटावलं, आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तुमचे हात किती सुंदर दिसले!"

"हो," ते म्हणाले, "दुसऱ्याला शोभले."

सोमवारी त्यांनी निर्मात्यांच्या ऑफिसात फोन केला. सिनेमा लांबत होता, म्हणून ते प्रसंग काढले. करारात तशी सोय आहे, असं उत्तर मिळालं. कळवायचं राहून गेलं, सॉरी. त्यानंतर साहेबांनी जादू केली नाही. सईने हट्ट धरला की म्हणायचे, "तो माणूस इथे राहत नाही." पुढच्या हिवाळ्यात ते क्राइस्टचर्चला, हॉर्नबीत, लहानपणापासून इकडेच वाढलेल्या पुतणीकडे निघाले. इंग्लंडला का नाही, असं मी विचारलं. "सिनेमात जातोय, असं तिथे सगळ्यांना सांगून आलोय," एवढंच बोलले. जादूच्या सामानाची पेटी त्यांनी कचऱ्याच्या गाडीत घातली. मी पाहत होते. द्या मला, असं म्हणायला जीभ वळली नाही.

फोन करत जाईन असं कबूल केलं होतं. दोनदा केला. मग आम्ही हॅमिल्टनला रोटोटुनात घर घेतलं, मला फार्मसीत नोकरी लागली, आणि दोन वर्षं निघून गेली.

एका रविवारी सकाळी नंबर फिरवला, तर फोन पुतणीने उचलला. ते जाऊन महिना झाला होता. मी सावरून म्हटलं, "त्यांच्यासारखा नट आणि जादूगार मी पाहिला नाही."

"कोण? अंकल?" ती म्हणाली. "आम्हाला तर ते गोदामात कारकून होतो असं सांगायचे."

मी तिला सगळं सांगितलं. नाटकं, नाणं, अंगठी, तो सिनेमा. मग ती म्हणाली, "अंत्यविधीच्या वेळी चर्चमध्ये पाद्र्यांनी विचारलं होतं, कुणाला दोन शब्द बोलायचेत का. कुणीच उठलं नाही. बोलण्यासारखं काही आहे, हेच कुणाला माहीत नव्हतं."

मला माहीत होतं. आणि मी दोन वर्षं फोन केला नव्हता.