वर अडकलेला हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय — कोण जाणे. पण सुरुवात केलीय, तर ऐकून घ्या.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. परळच्या एका इस्पितळात मी नवशिका डॉक्टर, डोकं कायम तापलेलं. त्या दुपारी मोर्चावर लाठीमार झाला होता. मी फुटलेली डोकी शिवतोय आणि बाकांवर घोषणा चालूच — माणसानं काम करायचं कसं?

तेवढ्यात बाबू परब आत आला. लालबागचा, गिरणीत विणकर. उजवा हात सरळ डोक्यावर, घोषणा देताना असतो तसा. त्याला बघून बाकांवरच्यांनी "झालाच पाहिजे"चा गजर केला आणि हसले. मला वाटलं, हाही त्यांच्यातलाच, मुद्दाम चिडवतोय. म्हटलं, "हा मोर्चा नाही. हात खाली घे."

"येत नाय ओ डाक्टर," तो म्हणाला. "चाळीच्या जिन्यावरसून घसरलंय, वरचो कठडो धरलंय, तेवापासून हात असोच." आणि बोटं हलवून दाखवली.

खांदा निखळून हात असा वरच अडकतो, हा प्रकार क्वचितच दिसतो. पुस्तकात चार ओळी असतात. वाचल्या नव्हत्या का? वाचल्या होत्या हो. पण तेव्हा मला फक्त राग येत होता.

मी त्याचं मनगट धरलं आणि हिसडा मारून खाली ओढलं.

आत काहीतरी तुटल्याचं माझ्या हाताला कळलं. तो मटकन खाली बसला. हात तरी वरच. बोटं पांढरीफटक, लुळी. मनगटाची नाडी शोधली — सापडेना. हे मी काय करून बसलो?

मोठे सर आले. भूल दिली, खांद्यावरून चादर घेऊन मला ती खाली ताणून धरायला लावली. वर असलेला हात त्यांनी आधी आणखी वर ओढला, मग सावकाश बाजूनं खाली आणला. खांदा बसला. नाडी परतली, बोटं मात्र हलेनात. सरांनी विचारलं, "आला तेव्हा बोटं हलत होती?"

"नाही सर," मी म्हणालो.

केसपेपरवरही तेच लिहिलं. खाली माझी सही.

बोटं पुन्हा हललीच नाहीत. माग सुटला, गिरणीनं त्याला फाटकावर बसवलं. तो समजत राहिला की पडल्यामुळेच झालं. डॉक्टर ओढतो तो बरं करायलाच, असं वाटलं असेल त्याला — दुसरं काय वाटणार? मी तिथून जाताना दिसलो की उठून उभा राहायचा, डाव्या हातानं सलाम करायचा आणि शेजारच्याला सांगायचा, "ह्या डाक्टरांनी माझो हात वाचवल्यानी."

मी हसून मान डोलवायचो. दर वेळी.