आबांवरचा कॉफीचा प्रयोग

गेल्या वर्षी मी माझ्या वडिलांवर एक शास्त्रीय प्रयोग केला आणि तो यशस्वी झाला. चुकलं ते फक्त कारण.

आई गेल्यानंतर आबा फार गप्प झाले होते. अर्धीमुर्धी भाकरी खायचे आणि दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायचे. त्याच सुमारास मी पेपरात वाचलं, की कॉफी पिणारे लोक जास्त उत्साही असतात आणि जास्त जगतात. मी शिंदखेड्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो. (घोटाळा नेमका त्यामुळेच झाला.) दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांपुढे बिनसाखरेची काळी कॉफी ठेवली.

एक घोट घेऊन आबा म्हणाले, "हाई काय शे?"

"औषध समजा, आबा."

"औषध यानापेक्षा गोड ऱ्हास."

ते कॉफी कुठेतरी ओतून देतील या धास्तीने मी रोज शेजारी बसून पहारा देऊ लागलो. नुसतं बसून काय करणार, म्हणून कापसाचं, पावसाचं, आईचं बोलायचो. हळूहळू आबा पोटभर जेवू लागले. एकदा तर त्यांनी चक्क माझ्या टकलावर विनोद केला. याहून मोठा पुरावा काय हवा!

मी गल्लीभर कॉफीचा प्रचार सुरू केला. पुढे कॉफीचे तोटे सांगणारी एक बातमी आली, तर ते पान मी घडी करून मसाल्याच्या डब्याखाली अंथरलं. शेजारच्या अक्का मात्र छातीवर हात ठेवूनच आल्या.

"भाऊ, तुनी कॉफी पीसन मना जीव धडधड करस."

"अक्का, तुम्ही अपवाद आहात," मी म्हणालो. (गैरसोयीच्या माणसाला आमच्या विषयात असंच म्हणतात.)

दिवाळीला धुळ्याहून धाकटी बहीण वंदना आली. ती मेडिकल कॉलेजात शिकवते. आरोग्यावरची संशोधनं तपासणं हेच तिचं काम. मी तिच्यापुढे आबांना अभिमानाने सादर केलं.

"दादा, कॉफीशिवाय दुसरं काय बदललं?"

"काहीच नाही."

"कॉफी पिणाऱ्यांची राहणीच वेगळी असू शकते. मग गुण कॉफीचा की राहणीचा, हे आधी बघावं लागतं. आणि एका बातमीवरून काही ठरत नाही. बाजूची, विरुद्धची, सगळी संशोधनं एकत्र मांडून तपासतात." मग ती वडिलांकडे वळली. "आबा, तुम्हाला कशाने बरं वाटलं?"

आबांनी हातातल्या गार कपाकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. "कॉफी जहर शे माय. पन कप रिकामा व्हयना का हाऊ उठी जास. म्हनीसन मी हळूहळू पेस."

वंदना डोळे पुसत आत गेली. त्या दिवशी कप रिकामा झाला तरी मी उठलो नाही.

दुसऱ्या सकाळी मी स्वतःच्या हाताने आलं घालून, भरपूर साखरेचा चहा केला आणि पहारा न देता नुसता आबांशेजारी बसलो. आबांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तू रोज बस," ते म्हणाले, "पन उद्या कॉफीच कर."