डावीकडून तिसरा चिरा

माणसं एकदा का उन्हातान्हात डबे शोधत फिरायला लागली, की डब्यांपेक्षा किस्सेच जास्त सापडतात. डबे आपण पुन्हा होते तिथे ठेवून येतो. किस्से मात्र घरी येतात, आणि कुठे जागा मिळेल तिथे बसतात. माझ्याकडे इतके साठलेत की दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी एकटीच हसत असते. समोरचा टेलर मला अधूनमधून विचारतो, "ताई, बरं आहे ना?"

खेळाचं नाव जिओकॅशिंग. कुणीतरी एक छोटा डबा कुठेतरी लपवतो आणि त्या जागेचे आकडे वेबसाइटवर टाकतो. आपण मोबाइलवरचा जीपीएस बघत तिथवर जायचं. पुढचं काम डोळ्यांचं. डबा सापडला की आतल्या कागदावर सही करायची, डबा होता तसा ठेवायचा आणि घरी येऊन वेबसाइटवर चार ओळी लिहायच्या. त्याला लॉग म्हणतात. लॉगमध्ये काय वाटेल ते लिहा, पण डबा नेमका कुठे आहे ते फोडायचं नाही. फोडलं तर तो स्पॉयलर! पुढच्या माणसाची मजा गेली.

आमचा ग्रुप चौघांचा. धारगळचे नाईक सर, मराठीचे निवृत्त शिक्षक. शिरगावचा शंभू गावस, खाणीवरचा माजी सर्व्हेयर, नियमाला एकदम कडक. कृष्णात पाटील, मूळचा कोल्हापूरकडचा, इथे कारखान्यात सुपरवायझर. आणि मी कुंदा, साखळीत औषधाचं दुकान चालवते. लाजऱ्या गिऱ्हाइकाला आवाज न चढवता, कागदात गुंडाळून हवं ते द्यायची मला सवय. म्हणून कुणी स्पॉयलर लिहिला की त्याला गोड शब्दांत सांगायचं काम ग्रुपने माझ्यावर टाकलं.

* * *

पाटलाने शोधलेला पहिला डबा धारगळच्या एका शेताच्या कुंपणात. जुन्या चिऱ्यांचा गडगा, त्यात एक चिरा सैल, त्यामागे डबा. पाटील गेला, पाच मिनिटांत शोधला आणि वेबसाइटवर पहिला लॉग लिहिला:

"डावीकडून तिसरा चिरा. ओढा. डबा."

शंभूचा मला फोन. "कुंदाताई, हे बघ! आता हा डबा शोधायला माणूस कशाला, गाढवसुद्धा चालेल!"

मी पाटलाला फोन लावला. "पाटील, लॉग छान आहे हं. पण त्यात जागा सांगायची नसते."

"मग काय सांगायचं?"

"आपला अनुभव सांगायचा. कसं वाटलं, मन कसं झालं, असं."

"असं व्हय! मग आदी सांगायचं की ताई. आत्ता बदलतो."

दहा मिनिटांत लॉग बदलला:

"डावीकडून तिसरा चिरा ओढताना मन भरून आलं."

* * *

माझी स्वतःची फजिती सांगते. म्हापशाच्या एका जोडप्याने साखळीच्या नदीकाठच्या डब्यावर चार वाक्यांचा लॉग लिहिला. त्यातली पहिली दोन आणि शेवटचं हवापाण्याचं. तिसऱ्यात मात्र डब्याचा पत्ता, अगदी पोस्टमनला दिल्यासारखा. अनोळखी माणसं, दुखवायचं कशाला? मी तासभर बसून निरोप लिहिला. "आपल्या लॉगमधलं तिसरं वाक्य आम्हा सर्वांच्या विशेष लक्षात राहिलं. इतकं नेमकं वाक्य फार क्वचित वाचायला मिळतं. त्याबद्दल आपण एकदा विचार करावा, ही नम्र विनंती."

शंभूला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, हे स्पॉयलरबद्दल आहे की लग्नपत्रिका?"

संध्याकाळी उत्तर आलं. "मनापासून आभार! तुमच्या सूचनेवर आम्ही दोघांनी विचार केला. बाकीची तीन वाक्यं काढून टाकली आहेत."

* * *

नाईक सरांना जागा लपवणं जमायचंच नाही. माणूस सरळ. पण एकदा त्यांना कळलं, की वेबसाइटवर सूचना गुप्त लिपीत द्यायची सोय आहे. आपण साधं लिहायचं, मशीन अक्षरांची उलटापालट करतं. ज्याला फारच अडलं त्याने बटण दाबायचं, मग सूचना वाचता येते. सर खूश! एका ओढ्याच्या पुलाजवळ त्यांनी डबा लपवला आणि निर्धास्तपणे सगळी जागा सूचनेत लिहून टाकली. अर्थातच मराठीत.

आता मशीनला उलटापालट करता येते ती फक्त इंग्रजी अक्षरांची! देवनागरी आहे तशीच राहिली. सरांनी सबंध सूचनेत एकच शब्द इंग्रजी लिपीत लिहिला होता, तो म्हणजे पाइप. तेवढा मात्र कडेकोट गुप्त झाला. सूचना सगळ्या जगाला अशी दिसत होती: "पुलावरून उतरा, उजवीकडे वळा, वाका, आणि तिसऱ्या सीव्हीसीआरमध्ये हात घाला."

दुपारी पाटलाचा फोन. "ताई, पुलावर उभा हाय. उतरलो, वळलो, वाकलो. पण हे सीव्हीसीआर काय असतंय?"

मी हसू दाबत म्हटलं, "पाटील, तिथे कुणाला विचारलंत का?"

"इचारलं की! एक गृहस्थ स्कूटरवरनं चालले होते. ते म्हणाले, ते हापिस आता पेडण्याला शिफ्ट झालंय!"

* * *

लिहिलेला स्पॉयलर निदान पुसता तरी येतो. पण धारगळच्या हमरस्त्यालगत एका वडाच्या मुळांत आमचा एक डबा होता आणि त्याच्या समोर पार्वतीमावशीचा चहाचा गाडा. कुणी मोबाइल हातात धरून वडाभोवती एक फेरी मारली, की मावशी गाड्यावरून ओरडायची, "डबो सोदतास? फाटल्यान बघ, मोट्या मुळाच्या पोंदाक!" म्हणजे मागच्या बाजूला, मोठ्या मुळाखाली.

त्या डब्यावर पंधरा लॉग आले. पंधराही जणांनी लिहिलं होतं, "अगदी सोपा."

शंभूने मला पाठवलं. मी चहा मागवला आणि हळूच विषय काढला. "मावशी, तो खेळ असतो. ज्याचं त्याने शोधायचं. तुम्ही सांगितलंत की त्यांची मजा जाते."

"कसली मजा गो?" मावशीने झारा कढईवर आपटला. "मनीस वतांतल्यान येता, घामान भिजता, कोंब्यासारको माती उकरता, आनी मी गप रवूं? म्हजें मन घेना!"

बराच वेळ आमची बोलणी चालली. शेवटी मावशीने स्वतःच तोडगा काढला. "बरें. जो चाय घेयत ताका दिशा सांगतां. जो भजी घेयत ताका जागो सांगतां. आनी कांयच घेवंचो ना, तो उकरूं!"

तेव्हापासून त्या डब्याच्या लॉगमध्ये एकही स्पॉयलर नाही. लोक फार सभ्य लिहितात. ज्यांना डबा सापडतो ते लिहितात, "भजी अप्रतिम." ज्यांना सापडत नाही ते लिहितात, "चहा बरा होता."

* * *

या सगळ्याचा शंभूवर परिणाम झाला. त्याला प्रत्येक लॉगमध्ये स्पॉयलर दिसायला लागला. त्याचा एक डबा झरीजवळ होता. कुणी "थंडगार जागा" लिहिलं, लॉग डिलीट. कुणी "पाय भिजले" लिहिलं, डिलीट. एका बाईने "मन प्रसन्न झालं" लिहिलं, तर म्हणे "प्रसन्न कशाने झालं? पाण्याने! डिलीट!" लोक घाबरले. नुसतं "सापडला" लिहायला लागले. त्यावर शंभू म्हणाला, "एका शब्दात उरकलं म्हणजे जागा सोपी आहे, हे फोडलंच की!"

शेवटी एका वैतागलेल्या माणसाने लॉगमध्ये फक्त एक टिंब टाकलं. एकही अक्षर नाही. म्हटलं, आता तरी शंभू गप्प बसेल.

सकाळी दुकान उघडतेय तोवर शंभू हजर. मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "बघ हा निर्लज्जपणा! डबा गोल आहे, सरळ सरळ सांगितलंय!"

* * *

पण शंभू आणि नाईक सरांचं वाजलं, ते मिटलं नसतं तर खरं वाईट झालं असतं. शिरगावच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, एका बंद पडलेल्या खाणीच्या कुंपणाबाहेर, शंभूने त्याचा सगळ्यात अवघड डबा लपवला होता. वर्ष उलटलं तरी कुणाला सापडेना. शंभू कॉलर ताठ करून हिंडायचा. आणि एक दिवस, गुडघे दुखतात म्हणून जिना न चढणाऱ्या नाईक सरांचा लॉग आला. "सापडला. सही केली. याहून अधिक एक शब्दही सांगणार नाही."

शंभू धावत सड्यावर गेला. डबा जागेवर, आतला कागद कोरा! त्याने सरळ ग्रुपवर लिहिलं, "सर खोटं बोलतात."

सर दुखावले. शंभू त्यांचाच विद्यार्थी, सातवीतला. त्यांनी मला फोन केला. "कुंदाबाई, एकवेळ माझं व्याकरण चुकलं म्हटलं असतं तर चाललं असतं. मी उद्यापासून ग्रुपमध्ये नाही."

मी दोघांनाही सड्यावर बोलावलं. पाटील मध्यस्थ म्हणून आला. आठवडा होऊन गेला होता, ऊन मी म्हणत होतं. शंभू म्हणाला, "सर, कुठे सापडला तेवढं दाखवा, विषय संपला."

सर म्हणाले, "दाखवणार नाही. स्पॉयलर होतो."

"सर, डबा माझा आहे! मीच लपवलाय!"

"मग तुला जागा माहीतच असणार. मी कशाला सांगू?"

"तुम्ही सांगितलं नाहीत तर तुम्ही खोटे ठरता!"

"ठरेन," सर म्हणाले. "पण जागा फोडणार नाही. मोठ्या कष्टाने शिकलोय ते."

पाटील म्हणाला, "सर, निदान आत काय होतं ते तरी सांगा. त्यात कुटं जागा येती?"

सरांनी विचार केला. "दोन लाडू होते. एक घ्यावा, त्या बदल्यात आपली एखादी वस्तू ठेवावी, असा नियम आहे ना? मी एक लाडू घेतला. खिशात नातीची केसांची क्लिप होती, ती ठेवली. आणि कागदावर सही केली."

शंभू उसळला. "लाडू? सर, माझ्या डब्यात लाडू नाहीत!"

एवढ्यात खाणीच्या गेटवरून वॉचमन आमच्याकडे आला. बेळगावकडचा साधा माणूस, आठवडाभर झोपला नसावा असा चेहरा. त्याने खिशातून एक चुरगळलेली चिठ्ठी आणि एक गुलाबी क्लिप काढली.

"साहेब, तुमी लोक हितं डबे हुडकत फिरताय म्हणून इचारतो. माकडं येतात म्हणून मी माझा जेवणाचा डबा दगडाखाली ठेवतोय. बायको त्यात रोज चिठ्ठी घालती. त्या दिवशी भाकरी तेवढी खाल्ली, लाडू मागनं खावं म्हणून ठेवलं ते राहिलंच. डबा तसाच घरी नेला, तिनं उघडला, बगा काय निघालं!"

मी चिठ्ठी घेतली. वर बायकोचं अक्षर: "लाडू आजच केलेत. कसे झाले सांगा." खाली सरांचं वळणदार अक्षर: "अत्यंत आनंद झाला. पुन्हा येण्याचा योग यावा. आपली कृपाभिलाषी, स. नाईक, धारगळ."

"सर," मी हळूच म्हटलं, "आपला की आपली?"

"घाईत कान्याची वेलांटी झाली असेल," सर म्हणाले.

वॉचमन रडकुंडीला आला. "आठ दिवस घरात चूल नाही माझ्यासाठी! बायको म्हणती, जावा त्या धारगळच्या नाईकणीकडं जेवायला!" मग त्याने आम्हा चौघांवरून नजर फिरवली. चौघांत बाई एकटी मीच. त्याने थेट मला हात जोडले. "नाईकबाई, पाया पडतो, एकदा घरी येऊन खरं काय ते सांगून जावा!"

शंभू खाली दगडावर बसला आणि पोट धरून हसायला लागला. हसता हसताच उठला, सरांच्या पाया पडला. "सर, चुकलो. तुम्ही खोटं बोलत नाही."

सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि गंभीरपणे माझ्याकडे वळले.

"कुंदाबाई, तुम्ही यांच्या घरी अवश्य जा. गैरसमज दूर करा. काय झालं ते सगळं सांगा." मग जवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "फक्त तो कुठल्या दगडाखाली होता, तेवढं बोलू नका हं!"