पारा चढेना तेव्हा

आमच्या भांडुपच्या वस्तीतल्या मुलींच्या गोविंदा पथकात माझी नणंद सगळ्यात वर चढायची. मला चढता येत नाही, म्हणून प्रथमोपचाराची पेटी माझ्याकडे दिली होती. माहेरी पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. सासरच्यांनी त्याचा फार मान ठेवला. ‘वहिनी शिकलेली आहे, तिला कळतं’ असं नणंद सगळ्यांना सांगायची. पण पेटीत काय कशासाठी आहे, हे मला धड माहीत नव्हतं.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. मुलुंडला थर लावताना वरून पाइपने पाणी मारत होते, आणि तिथून घाटकोपरला आम्ही उघड्या टेम्पोतून वाऱ्यात गेलो. वर चढायचं म्हणून नणंदेने काही खाल्लं नव्हतं. तिचे दात वाजायला लागले.

“काय गं, काश्मीरला आलीस काय?” पथक सांभाळणारी ताई म्हणाली.

“नाच म्हणजे गरम होशील,” दुसरीने सांगितलं. नणंद थोडी नाचली.

घाटकोपरला आमचा नंबर यायला वेळ होता. फुटपाथवर बसल्यावर तिचं कुडकुडणं थांबलं. मला हायसं वाटलं. मग तिने हेल्मेटचा पट्टा लावायला घेतला तर तिला तो लावता येईना. बोटं नुसती त्यावरून फिरत होती. मी लावून दिला.

“वहिनी, झोप येतेय गं,” ती म्हणाली. शब्द जड येत होते.

ताईने तिचं तोंड हुंगलं. “घेतली-बितली नाही ना?”

“काहीतरीच काय, ताई.”

“मग उठव तिला. पुढचा नंबर आपलाच.”

मला वाटलं, ताप असणार. पेटीतला थर्मामीटर तिच्या जिभेखाली ठेवला. पारा पहिल्या रेषेपर्यंतही आला नाही. झटकून पुन्हा लावला, तरी तेच. बिघडलाय म्हणून बाजूला ठेवणार होते, पण तो पुसून स्वतःच्या तोंडात धरला. माझ्या तोंडात पारा बरोबर चढला. धुऊन, झटकून पुन्हा तिला लावला. चढेना.

मला काहीच उलगडेना. ताप किती वाढला की घाबरायचं, हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं. पारा इतका खाली असला तर काय करायचं?

“ही चढणार नाही,” मी म्हटलं.

“का? ताप आहे?”

“नाही.”

“मग?”

“वरून पडेल ती,” एवढंच म्हणाले. ताईने माझ्याकडे रागाने पाहिलं, पण हेल्मेट काढून दुसरीच्या डोक्यावर चढवलं.

स्टेजच्या मागे ॲम्ब्युलन्स उभी होती. आम्ही नणंदेला उचलून आत आडवं केलं. ‘अंग पार गार पडलंय,’ म्हणत डॉक्टरीणबाईंनी आधी तिचे ओले कपडे उतरवायला लावले. कोरडं काही नव्हतं, म्हणून मी स्टेजवरून सत्काराच्या शाली मागून आणल्या. एक मुलगी तिचे पाय जोरात चोळू लागली, तर बाईंनी तिला थांबवलं. कोणी म्हणालं ब्रँडी द्या, त्यालाही नाही म्हणाल्या. डोकं, मान, अंग सगळं शालींत गुंडाळून, छातीशी आणि काखेत कोमट पाण्याच्या पिशव्या कापडात बांधून ठेवल्या. ती नीट गिळू शकते हे पाहूनच त्यांनी गोड चहा घोट-घोट पाजायला सांगितलं.

थोड्या वेळाने नणंद पुन्हा कुडकुडायला लागली. मी घाबरून बाईंकडे पाहिलं, तर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण कमी झाला होता.

“आता अंग स्वतः गरम होऊ बघतंय,” त्या म्हणाल्या. “मघाशी कुडकुडणं थांबलं होतं ना, ते वाईट होतं.” तरीही तिला हॉस्पिटलला न्यायचंच, असं त्यांनी सांगितलं.

बाहेर ढोल वाजला. आमच्या पथकाने एक थर कमी लावून सलामी दिली, हंडीला हात लागला नाही.

“तू मला चढू दिलं नाहीस,” नणंद दात वाजवत म्हणाली. “सांगायचं तरी, का ते.”

“मला माहीत नव्हतं गं.”

तिने तोंड फिरवलं आणि रडायला लागली. मी शालीवरूनच तिला धरून बसले.