चूक रोज जागा बदलते

वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात रशीदा शेख अकरा वर्षं लॅब असिस्टंट होती. सकाळी लॅब उघडायची, मुलांना वायरी आणि मीटर द्यायचे, रजिस्टरवर सह्या घ्यायच्या, आणि एखादा कॉम्प्युटर रुसला की सीडी घालून तो पुसून पुन्हा भरायचा. एवढं तिचं काम. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा तिनं फर्स्ट क्लासमध्ये केला होता. पण तो डिप्लोमा घरी कपाटात होता आणि ती इथं स्टुलावर.

२००७ च्या जुलैत लोणी काळभोरहून येणाऱ्या मैना नावाच्या विद्यार्थिनीनं तिला सहज विचारलं, "ताई, बटण दाबलं की आत सगळ्यात आधी काय व्हतं वो?"

"विंडोज सुरू होतं."

"त्याच्या आधी?"

"सरांना विचार," रशीदा म्हणाली.

नाना पेठेत घरी पोचेपर्यंत बसमध्ये तिला स्वतःचा राग येत राहिला. अकरा वर्षांत शेकडो मशिनं तिनं पुसून भरली होती आणि आत आपण काय भरतो, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

मैनाच्या प्रश्नाचं उत्तर आठवड्यात मिळालं. तिनं ते मैनाला सांगितलं, मैना "बरं ताई" म्हणून डबा खायला निघून गेली. पण ते शोधता शोधता रशीदाच्या हाती इंटरनेटवरचं एक फुकट पुस्तक लागलं होतं. रिकाम्या डिस्कपासून सुरुवात करून, एकेक प्रोग्राम सोर्सपासून तयार करत, पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः कशी उभी करायची, ते त्यात सांगितलं होतं. सोर्स म्हणजे माणसानं लिहिलेला, वाचता येणारा मजकूर; कंपायलर नावाचा प्रोग्राम त्याचं मशीनला कळेल अशा भाषेत रूपांतर करतो. तिनं ते तीनशे पानांचं पुस्तक पाठकोऱ्या कागदांवर छापून घेतलं आणि लॅबचे प्रमुख श्रीधर जोगळेकर सरांकडे गेली. भंगारात काढलेल्या मशिनांपैकी एक हवं होतं.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "रशीदाबाई, बाजारात तयार पोळी मिळते. तुम्ही गहू पेरायला निघालात?"

"हो सर."

"पेरा. शेजाऱ्याचा बांध कोरू नका म्हणजे झालं."

कोपऱ्यातल्या टेबलाखाली तिनं मशीन लावलं. साडेदहाला लॅब सुरू व्हायची. ती आठलाच येऊ लागली. पुस्तकातल्या सूचना एकेक करून टाइप करायच्या, झालेल्या ओळीवर पेन्सिलीनं टिक करायची. मशीन संथ होतं, एकेक प्रोग्राम तयार व्हायला तासन् तास लागत. मुलं प्रॅक्टिकल करत असताना टेबलाखाली पंखा घरघरत राही.

पहिले काही प्रोग्राम बिनबोभाट झाले. मग आला कंपायलरच. नव्या सिस्टिमसाठी तो आधी स्वतः तयार व्हावा लागतो, आणि ते काम पाच तासांचं. तिसऱ्या तासाला पडद्यावर 'सेगमेंटेशन फॉल्ट', म्हणजे प्रोग्राम मध्येच कोसळला, असं लिहून सगळं थांबलं.

आपलंच काही चुकलं असणार, असं तिला वाटलं. तिनं सगळं पुसलं, पुन्हा टाइप केलं. पुन्हा थांबलं. तिसऱ्या वेळी तिनं एकेक अक्षर बोट ठेवून तपासलं. दुपारी मशीन आणखी वेगळ्याच फाइलीपाशी आडवं झालं. असे तीन आठवडे गेले. इंटरनेटवर विचारलं तर कुणीतरी उत्तर दिलं की सूचना नीट वाचा. ते वाचून तिला रडूच यायचं बाकी राहिलं होतं.

"काय, पीक कसं आहे?" जोगळेकर सरांनी जाता जाता विचारलं.

"कीड लागलीय सर."

"फवारा काहीतरी," म्हणून ते पुढे गेले.

रजिस्टर ठेवायची मात्र तिला सवय होती. प्रत्येक वेळी तारीख, वेळ आणि मशीन कुठल्या फाइलीपाशी थांबलं, हे ती वहीत लिहीत गेली. एका रविवारी ती वही घरी ओट्यावर उघडी पडली होती. तिचा नवरा युसूफ दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करायचा. घरातल्या बोलण्यात हिंदी-मराठीची सरमिसळ असे, पण धंद्याची गोष्ट निघाली की तो मराठीतच बोलायचा, कारण गिऱ्हाइकं सगळी मराठी. चहा ओतताना त्याचं लक्ष वहीकडे गेलं.

"ही कसली यादी?"

"मशीन नऊ वेळा बंद पडलं, त्याची."

"मग नावं नऊ वेगवेगळी कशी?"

"अहो, जिथं थांबलं त्या फाइलींची आहेत. कधी इथं थांबतं, कधी तिथं."

"दर वेळी मजकूर बदलतेस?"

"काना-मात्रासुद्धा नाही."

युसूफनं कप खाली ठेवला. "मग मजकुराला कशाला झोडतेस? एकच पोतं मी नऊ वेळा ठेवलं आणि नऊ वजनं आली, तर मी पोतं उघडत नाही. काटा उघडतो."

रशीदानं वही जवळ ओढून नऊही नावं पुन्हा वाचली. तीन आठवडे ती फक्त स्वतःला तपासत होती. मशीनवर संशय घ्यायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

सोमवारी तिनं मेमरी तपासणारा एक छोटा प्रोग्राम सीडीवर घेतला आणि मशीन त्यावर चालू केलं. दहा मिनिटांत पडदा लाल ओळींनी भरला. मशीन बंद करून तिनं झाकण उघडलं, मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली आणि पुन्हा तपासलं; ओळी आल्या नाहीत. ती परत बसवून दुसरी काढली. लाल ओळी पुन्हा सुरू. म्हणजे पहिलीच पट्टी नासकी होती. वरवर बघता काहीही वावगं नव्हतं, हिरवी, स्वच्छ पट्टी. दुसऱ्या भंगार मशीनमधली पट्टी तिनं खोडरबरानं घासून तिच्या जागी बसवली आणि दिवसभर तपासणी चालू ठेवली. संध्याकाळी पडद्यावर एकही चूक नव्हती.

पण मग दुसराच पेच समोर आला. आतापर्यंत जे प्रोग्राम न अडखळता तयार झाले होते, तेही त्याच नासक्या मेमरीतून गेलेले होते. त्यांच्या पोटात एखादा आकडा चुकीचा बसला असेल तर तो दिसणार नव्हता. सत्तर पानांवर पेन्सिलीच्या टिका होत्या.

"राहू द्या की झालंय तेवढं," जोगळेकर सर म्हणाले. या वेळी त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "कोण बघायला येणार आहे?"

"सर, पुढे काही बिघडलं तर ते माझ्या चुकीनं की मेमरीच्या, हेच मला कळायचं नाही."

तिनं डिस्क पुसली. मग तिनं पहिलं पान काढलं आणि पेन्सिलीऐवजी निळं पेन घेतलं.

तोवर रमझान लागला होता. रोजे असल्यामुळे जेवणाची सुट्टी आख्खी मोकळी मिळायची. कंपायलर पाच तास चालला आणि पूर्ण झाला. त्या दिवशी तिनं घरी लवकर येऊन इफ्तारीला खजुराबरोबर भजीही तळली. कोणत्या सूचनेनं काय होतं, हे आता तिला पुस्तकात न बघता कळू लागलं होतं. पहिल्यांदा जिथवर यायला महिना लागला होता, तिथं ती आठ दिवसांत पोचली.

ईदच्या दोन दिवस आधी शेवटचं पान झालं. सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तोही तयार होता. तिनं मशीन बंद केलं, मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हटलं आणि बटण दाबलं. जोगळेकर सर हातातलं काम सोडून शेजारी येऊन उभे राहिले. ओळींमागून ओळी धावल्या आणि एकदम थांबल्या. शेवटची ओळ होती, 'कर्नल पॅनिक', म्हणजे गाभ्यानंच हात टेकले होते. डिस्क वाचता येत नव्हती.

रशीदानं पुन्हा चालू केलं. तीच ओळ. पुन्हा केलं. तीच ओळ, तेच आकडे. आणि ती हसायला लागली.

"हसताय काय?"

"सर, तिन्ही वेळा अगदी एकच चूक. म्हणजे मशीन खरं बोलतंय. चूक माझी आहे, आणि एकाच जागी आहे. सापडेल."

तासाभरात सापडली. डिस्कवरच्या फाइली वाचण्याची सोय तिनं गाभ्यात न घेता वेगळी ठेवली होती, आणि ती ठेवली होती त्याच डिस्कवर. किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखं झालं होतं. तिनं गाभ्याच्या सेटिंगमधली एक खूण बदलली, गाभा पुन्हा तयार केला. दुपारी सव्वातीनला ओळी धावल्या, थांबल्या, आणि खाली एकच शब्द उरला, 'लॉगिन'. मशीन तिचं नाव विचारत होतं.

तिनं ते लिहिलं आणि एंटर दाबलं.

जोगळेकर सरांनी वाकून पडद्यावरची ओळ वाचली. मग म्हणाले, "रशीदाबाई, मी बावीस वर्षं हा विषय शिकवतोय. मी हे कधी केलेलं नाही." एवढं बोलून ते आपल्या केबिनमध्ये गेले. त्यांनी प्राचार्यांना पत्र लिहिलं, हे तिला पुढे शिपायाकडून कळलं.

जानेवारीच्या वेळापत्रकात शनिवारी सकाळी एक जादा प्रॅक्टिकल लागलं आणि त्यापुढे रशीदा शेख असं नाव होतं. पहिल्या दिवशी सोळा मुलं आली, दुसऱ्या शनिवारी अकरा. त्या अकरा जणांनी भंगारातली चार मशिनं उभी केली. शिकवताना फळ्याकडे तोंड करून बोलायची सवय मोडायला रशीदाला महिना लागला.

मार्चपर्यंत तिनं आपल्या सिस्टिमवर माऊस, चित्रं आणि एक साधा लिहायचा प्रोग्राम चढवला होता. एका शनिवारी तिनं सगळ्यांसमोर त्यात मराठी लिहून बघितलं. 'शिक्षक' हा शब्द टाइप केला. पडद्यावर पहिली वेलांटी श सोडून भलतीकडेच जाऊन बसली आणि क्ष चे दोन तुकडे झाले. मुलं खो-खो हसली. तीही हसली.

"मॅडम, हे कुठं दुरुस्त होतं?" एकानं विचारलं.

"मला माहीत नाही," रशीदा म्हणाली. "पण सोर्स आपल्याकडं आहे. खुर्च्या जवळ घ्या."